नांदुऱ्याचे उंच ओटे

"जुनं काही नसेल, तर नांदुरा वगळू. संध्याकाळपर्यंत कळवा." संपादक मॅडमनी फोन ठेवला, तेव्हा मी नांदुरा स्टेशनबाहेर चहा पीत उभा होतो.

रेल्वेमुळे वाढलेल्या छोट्या गावांवर पुस्तक निघत होतं. फोटो माझे. स्टेशन टिपून झालं होतं, पण नुकतं रंगवलेलं स्टेशन कुठल्याही गावचं वाटतं. त्यात माझी सासुरवाडी वडनेर भोलजी, इथून जवळच. नांदुरा पुस्तकात येतंय, हे बायकोने माहेरी सगळ्यांना सांगून ठेवलेलं. आता कोणत्या तोंडाने जेवायला जाणार?

धान्याच्या दुकानांच्या गल्लीत शिरलो. गल्ली अरुंद आणि एका अंगाला वळत गेलेली. दुकानांचे ओटे छातीएवढे उंच, एकाला एक लागून. डाळीच्या एका दुकानात मालकीणबाई बसल्या होत्या, सुशीलाबाई.

"काकू, इथे पूर येतो का?"

"पूर कायचा, दादा! पयले इथं मालगाडीचे डबे लागत. डब्याची फळी अन् ओटा एका लेव्हलमंदी. पोतं सरकवलं का झालं."

रूळ केव्हाच उखडलेले. बाईंचं दुकान तर नवंकोरं बांधलेलं, तरी ओटा तेवढाच.

"मग आता ओटा एवढा उंच का?"

"शेजाऱ्याचा माल माह्याच ओट्यावरून जाते ना! म्या खाली केला, तं तो जाईन कुठून?"

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ट्रक लागला. वळणामुळे तो आत येऊ शकत नाही. बाईंनी ओट्यावरची डाळीची घमेली आत घेतली. पाठोपाठ सगळ्यांनी ओटे मोकळे केले. हमाल पोती ढकलत पार शेवटच्या दुकानापर्यंत गेले. कुणी कुणाला हाक मारली नाही की कुरकुर केली नाही. मला या गावाचं फार कौतुक वाटलं.

आमच्या धंद्यात 'लीडिंग लाइन' म्हणतात, म्हणजे नजरेला फोटोच्या आत नेणारी रेघ. ती इथे रिकाम्या ओट्यांनी आयती आखलेली होती. समोरच्या गच्चीवर चढून मी फक्त बटण दाबलं आणि फोटो पाठवला.

"छान आहे. पण यात रेल्वे कुठेय?" मॅडमनी विचारलं.

"ओटे बघा." मग सगळं सांगितलं.

मॅडमनी फोटो पुन्हा बघितला. "कव्हरला लावू या?"

तेव्हापासून नव्या गावात मी जुनी इमारत नंतर शोधतो. आधी माल कुठून कुठे जातो ते बघतो.

पुस्तक छापून आल्यावर ते घेऊन सुशीलाबाईंकडे गेलो. त्यांनी कव्हर नीट न्याहाळलं आणि तोंड वाकडं केलं.

"माहा माल कुठी हाये यात? ओटा तं रिकामाच दिसून राह्यला!"

"रिकामा केलात म्हणूनच तर गाव पुस्तकात आलं, काकू."