मोकळी जागा

बायकांची अर्ध्या तिकिटाची सवलत बंद झाली आणि तालुक्याला जाणारी आमची बस एकदम मोकळी झाली. मला आता रोज खिडकी मिळते. खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस मी त्यावर खूश होतो.

काल एका थांब्यावर पन्नाशीच्या एक बाई दारापाशी आल्या, पण चढल्या नाहीत. माझ्या खिडकीतून त्यांनी कापडात बांधलेला डबा आत दिला.

“स्टँडवर माझी लेक येईल, तिला द्याल का? गुडघा धरलाय म्हणावं, म्हणून नाही आले.”

बस सुटली. मी मागे वळून पाहिलं, तर त्या बांधावरून ताडताड चालत घराकडे निघाल्या होत्या.

डबा मी शेजारच्या सीटवर ठेवला. तो अजून गरम होता. हीच त्यांची जागा, असं वाटलं आणि खिडकीतलं वारंसुद्धा नकोसं झालं. कुणीतरी उतरल्याशिवाय आपल्याला ऐसपैस बसता येत नाही, हे कसं लक्षात आलं नाही?

स्टँडवर लेक उभी होती, पदराखाली तान्हं बाळ घेऊन.

“आई?” माझ्या हातातला डबा ओळखून तिने विचारलं.

“गुडघा धरलाय त्यांचा.”

तिने डबा घेतला. “तिचे गुडघे कधी दुखत नाहीत हो,” ती हळूच म्हणाली. मग पदर बाजूला करून तिने बाळाचं तोंड मला दाखवलं. “आता तुम्हीच बघा.”

मला मान वर करवेना. आजीने बघायचं ते तोंड मी बघत होतो.