बसथांब्यापर्यंतची झाडं

"चाव्या इकडे!" म्हणत आमच्या कमिटीतल्या बाई स्टीलचं पातेलं टेबलावर आपटायच्या. आम्ही मुकाट्यानं गाड्यांच्या चाव्या त्यात टाकायच्या आणि भर उन्हात त्यांच्यामागून चालू पडायचं. तुमच्या कमिटीत असं एखादं माणूस असेल, तर जपा त्याला. आम्हाला ते जमलं नाही.

अमिरातीत, अल ऐनमधल्या आमच्या वसाहतीचा आराखडा रहिवाशांनीच लिहावा, असं मालक कंपनीनं ठरवलं होतं. शहररचनेत नोकरी करणाऱ्या त्या एकट्याच. बाकी आम्ही सगळे एसीत बसून धोरणं लिहायला उत्सुक.

"जिथं चालला नाहीत, तिथलं कलम लिहायचं नाही. यल्ला, उठा!"

असंच एकदा शाळेच्या बसथांब्यापर्यंत नेलं. वाटेत एक झाड नाही. माझ्या मुलीनं थांब्याच्या खांबाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "आई, इट्स बर्निंग!" त्याच संध्याकाळी कलम तयार झालं: थांब्यापर्यंत दुतर्फा झाडं. अध्यक्ष म्हणाले, "त्यात 'शक्य असल्यास' घालूया."

"मग पुढच्या ऑगस्टमध्ये तुमच्या सासूबाईंना उभं करा तिथे!" आम्ही खूप हसलो. कलम तसंच राहिलं.

मग त्यांची नोकरी गेली आणि नोकरीबरोबर व्हिसाही. सामान बांधतानाही फोन करायच्या. "कडुनिंब लिहिलंय ना? नुसतं झाड लिहिलंत तर बिनसावलीचे खजूर लावून मोकळे होतील."

आम्ही निरोप समारंभ केला. शाल दिली, श्रीफळ दिलं, आराखडा पुरा करू म्हणून भाषणं ठोकली. त्या विमानतळाकडे निघाल्या आणि पोह्यांच्या बशा बाजूला सारून कमिटीनं तिथेच बैठक भरवली. झाडं रद्द. त्या जागी पाहुण्यांच्या गाड्यांचं पार्किंग.

"आपण इथे किती वर्षं? झाडं मोठी होईपर्यंत राहणार कोण?" अध्यक्ष म्हणाले.

मी घसा बसेपर्यंत भांडले. काही उपयोग झाला नाही. मघाशी डोळे पुसणारे तेच हात ठरावासाठी वर झाले! आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

मी कंपनीच्या माणसाला गाठलं. तो बिचारा गोंधळला. "मॅडम, हमने तो पेड़ मंजूर किए थे. आप ही लोगों ने निकलवाए."

पुढच्या आठवड्यात नागपूरहून त्यांचा फोन आला. "खड्डे खणायला घेतले का?"

मी सगळं सांगितलं. एकाचंही नाव लपवलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "मुलीच्या दप्तरात छत्री ठेवत जा."