हद्दीवर सुटलेली लारी

मुरुम गावच्या एका आडत्याची लारी मी चालवत होतो, तेव्हाची ही गोष्ट. लढाई चालू होती, पेट्रोल परमिटावर मिळायचं आणि नव्या गाडीचं नाव काढणाऱ्याला लोक वेड्यात काढायचे. आमची लारी मालकांनी सोलापूरच्या एका ठेकेदाराकडून जुनीच घेतली होती. ठेकेदारानं ती का विकली, हे चालवणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात कळत होतं. मालकांना कळायचं काही कारण नव्हतं. गाडीतला हॉर्न तेवढा त्यांना कळायचा.

मालकांना सगळा बाजार अप्पा म्हणायचा, मीही म्हणायचो. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि सरकारी माणूस दिसला की उर्दू, अशा तिन्ही भाषा ते बोलायचे. तिन्ही भाषांत सांगायचे मात्र एकच, आपण किती शहाणे आहोत ते.

त्या लारीचा पायाचा ब्रेक ठीक होता. हातब्रेक तेवढा गेला होता. दांडा छातीपर्यंत ओढला तरी उतारावर उभी केलेली गाडी आपल्या मनानं चालू लागायची. गिअरमध्ये घालून ठेवावी, तर गिअर झिजलेला. जरा ओढ बसली की निसटायचा. मी अप्पांना सांगितलं.

"अप्पा, हातब्रेक धरीना झालाय. एकदा मिस्त्रीला दाखवू."

"थांबलेल्या गाडीला ब्रेक कशाला रे? ती थांबलीच हाय की."

"उतारावर थांबत न्हाय."

"मग उतारावर थांबवू नगंस."

एवढं बोलून ते परसात गेले आणि फुटक्या दगडी पाट्याचा एक तुकडा घेऊन आले. "हा घे तुझा ब्रेक. चाकाखाली सरकवायचा. ह्याला ना तेल लागतं ना मिस्त्री." दुकानात बसलेल्या चारचौघांनी माना डोलावल्या. त्यांतल्या कुणाकडं सायकलसुद्धा नव्हती.

नळदुर्गाच्या पुढं तेव्हा निजामाची मोगलाई संपायची आणि इंग्रजी मुलूख सुरू व्हायचा. हद्दीवर नाका होता. रस्त्यावर आडवा बांबू, लिंबाखाली टेबल आणि टेबलामागं नाकेदारसाहेब. जगातल्या प्रत्येक वस्तूच्या आत दुसरी काहीतरी वस्तू लपवलेली असते, असा त्यांचा पक्का समज होता. भाकरीसुद्धा ते मोडून बघायचे आणि मोडलेली खाऊनही बघायचे.

त्या दुपारी आम्ही भुईमुगाच्या शेंगांची पोती घेऊन सोलापूरला निघालो होतो. नाक्यासमोरचा रस्ता इंग्रजी बाजूला चांगलाच उतरता होता, आणि गाडी टेबलासमोर उभी करायची असा हुकूम. मी उभी केली, पुढच्या चाकाला पाट्याचा तुकडा लावला आणि कागद घेऊन टेबलाकडं गेलो. अप्पा नळदुर्गात जेवून गाडीत बसले होते, ते तिथंच पेंगत राहिले.

नाकेदारांनी कागदांकडं बघितलंच नाही. त्यांची नजर दगडावर होती.

"ये क्या है?"

"दगड हाय साब. गाडीला लावलाय."

"कायको?"

"ब्रेक म्हणून."

"ब्रेक गाडी के अंदर रहता या बाहर?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मला वाटलं, हाच अप्पांना विचारावा. पण साहेबांचा विचार पुढं गेला होता. दगड पोकळ आहे आणि आत चांदी चालली आहे, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी शिपायाला दगड उचलून आणायला सांगितलं.

मी म्हणालो, "साब, दगड काढू नका. गाडी जाईल."

"हुकूम तुम देते क्या इधर?"

शिपायानं टाचेनं दगड मोकळा केला आणि दोन्ही हातांनी आणून टेबलावर ठेवला. लारी क्षणभर तशीच उभी राहिली, मग सावकाश निघाली. मी पळालो, पण ती माझ्यापेक्षा जोरात होती. अप्पा जागे होऊन माझ्या जागेवर सरकले, एवढं मला दिसलं. ज्या हातब्रेकची काही गरज नाही असं ते म्हणत होते, त्याच्या दांड्याला ते दोन्ही हातांनी लोंबकळत होते आणि देवाला कानडीत हाका मारत होते. पायाचा ब्रेक त्यांच्या जोड्याखालीच होता, पण तो त्यांना ठाऊक नव्हता. बांबू मोडला, गाडी उतार उतरून गेली आणि खालच्या कोरड्या ओढ्याच्या वाळूत नाक खुपसून थांबली. अप्पा धडपणी उतरले. कुठं खरचटलंसुद्धा नव्हतं.

पण ते इंग्रजी मुलखात उतरले होते.

"माल बगैर जांच के गया," नाकेदार म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "गाडी कौन चला रहा था?"

"कुणीच न्हाय साब. मी इथं तुमच्यासमोर हाय."

"तो वो आदमी?"

"ते मालक हायत. त्यांना चालवता येत न्हाय."

"चलाना नहीं आता तो सरहद पार कैसे किया?"

तेवढ्यात अप्पा धापा टाकत चढण चढून मोडक्या बांबूपाशी आले आणि आत पाऊल टाकू लागले. "वहींच ठैरो," नाकेदार म्हणाले. "इधर आने को परवाना लगता." मुरुमच्या बाजारात ज्यांच्या शब्दावर शेंगांचा भाव ठरायचा, ते अप्पा बांबूपलीकडं हात जोडून उन्हात उभे राहिले. परवाना कुठं मिळतो, असं त्यांनी अदबीनं विचारलं. तो याच टेबलावर मिळतो, असं त्यांना सांगण्यात आलं.

प्रकरण कागदावर घ्यायचं, तर दगड कुणाच्या हुकमानं काढला हेही लिहावं लागलं असतं. हे साहेबांच्या लक्षात आलं, आणि मग काही घडलंच नाही असं ठरलं. शेजारच्या मळ्यातून बैल आणले आणि त्यांनी लारी ओढून वर आणली. अप्पाही तिच्या मागोमाग विनापरवाना मोगलाईत आले. दगड मात्र साहेबांनी घणानं फोडून घेतला. आत दगडच निघाला. ते तुकडे त्यांनी जप्त केले आणि बजावलं, की ब्रेक दुरुस्त होऊन गाडी या उतारावर उभी राहिलेली बघितल्याशिवाय तिला सोडणार नाही.

नळदुर्गाहून मिस्त्री आला. त्याला उस्ताद म्हणायचे. हैदराबादेत आपण कुणाकुणाच्या मोटारी हाताळल्या, हे त्यानं गाडीला हात लावायच्या आधी सांगून घेतलं. मग दांडा एकदा ओढला, डोळे मिटले आणि म्हणाला, "सळई ढीली है मियाँ. बस." दांड्यापासून ब्रेकपर्यंत जी सळई जाते, तिची चाकी, म्हणजे नट, त्यानं कचकचून आवळली. आम्ही गाडी उतारावर उभी केली. ती गेली, पण आधीपेक्षा हळू.

"देखो," उस्ताद म्हणाला, "अब कितना आराम से जाती."

मी आत बसूनच होतो; पायाच्या ब्रेकनं तिला थांबवलं, इंजिन लावलं आणि परत नाक्यापर्यंत चढवली. आवळलेला ब्रेक घासत होता, इंजिन कण्हत होतं. लिंबाखाली येऊन थांबलो तेव्हा नाकेदारांनी टेबलावरून मान वर केली.

"भजे कौन तल रहा?"

मलाही वास आला. भज्यांचाच वास होता, आणि तो गाडीखालून येत होता.

मळ्यातून मोटेचा नाडा, पाणी ओढायचा तो जाड दोर, मागून आणला, लारी लिंबाला बांधली आणि मी खाली शिरलो. त्या गाडीचा हातब्रेक चाकांवर नव्हता. गिअरच्या पेटीमागं, मागच्या चाकांकडं जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर एक लोखंडी डबा होता आणि त्याच्या आत ब्रेकच्या पट्ट्या. डबा तापला होता आणि कडेनं पातळ, पिवळं तेल ठिबकत होतं. गिअरचं तेल काळं, काकवीसारखं जाड असतं. मी बोट लावून हुंगलं. करडीचं होतं, घाण्यावरचं.

खालूनच मी विचारलं, "अप्पा, गिअरच्या पेटीत तेल कुणी वतलं?"

वरून अप्पा म्हणाले, "म्याच वतलं. इलायती तेल कुठं मिळतंय आता? आपल्या घाण्याचं चोख हाय. माणसं खात्यात, मशीन खाईना व्हय?"

मशीन खात नव्हतं. ते पातळ तेल पेटीच्या तोंडच्या झिजलेल्या नमद्यातून, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या चकतीतून, पाझरून ब्रेकवर येत होतं आणि पट्ट्या बुळबुळीत झाल्या होत्या. आवळल्यावर त्या घासल्या, तापल्या आणि तेल तळायला लागलं. उस्ताद म्हणाला, की हे आपल्या मनात पहिल्यापासून होतं.

डबा खोलला. पट्ट्या काढून पेट्रोलनं धुतल्या, उस्तादनं त्यांना काडी लावली आणि मुरलेलं तेल जळून जाऊ दिलं. मग कानशीनं घासून त्या खरखरीत केल्या. आता नवा नमदा पाहिजे होता, आणि तसला जाड नमदा नाक्यावर एकच होता, साहेबांच्या घोड्याच्या खोगिराखाली. बराच वेळ साहेबांनी तो सरकारी असल्याचं सांगितलं. शेवटी आमचं तोंड बघायचा कंटाळा येऊन त्यांनी एक कोपरा कापून दिला. उस्तादनं त्याची चकती केली, चरबीत भिजवून बसवली. करडीचं तेल सगळं काढलं आणि त्याच्याजवळचं जाड तेल पेटीत भरलं.

पुन्हा उतारावर गाडी उभी केली आणि नाडा सोडला. लारी हलली नाही. साहेबांनी शिपायाला ढकलून बघायला सांगितलं, तरी हलली नाही. मग साहेब स्वतः उठून तिला पाठ टेकून उभे राहिले, जणू तीच त्यांच्या आधारानं उभी होती. आम्ही दिवस मावळायच्या आत सोलापूरच्या वाटेला लागलो. गाडीत अप्पा वाटभर एक शब्द बोलले नाहीत. तेवढा शांत प्रवास मी त्यांच्याबरोबर पुन्हा कधी केला नाही.

मुरुमला परतल्यावर मात्र त्यांना वाचा फुटली. गाडी सुटली तेव्हा आपण ती कशी सांभाळून वाळूत घातली, मग खाली शिरून ब्रेक कसा खोलला, हे दुकानात बसलेल्यांना ते रोज सांगू लागले. एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "अप्पा खरंच गाडीखाली शिरले व्हते व्हय?"

"शिरले असतील," मी म्हणालो. "धोतर बघा की त्यांचं, किती पांढरं हाय."

तो धोतराकडं बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "व्हय, चांगलं धुतलंय."