तोंडात प्लास्टर असताना

त्या सकाळी राम घाटावरून परतत होतो, तेवढ्यात ओळखीच्या पंडाजींनी पायरीवरूनच हाक मारली, "मास्साब, आपके दाँत वाले डाक्टर साहब नहीं रहे।" मी म्हटलं, "कौन डाक्टर?" उज्जैनीत माझे दहा डॉक्टर असल्यासारखं विचारलं मी... माझा डॉक्टर एकच, बापू. तो झोपेतच गेला होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. आता महिना उलटून गेला, तरी देवास गेटकडे जायचं म्हटलं की पाय उचलत नाहीत.

तिथे खाली त्याचा दवाखाना आणि वर बिऱ्हाड. आम्ही शाळेपासूनचे दोस्त. पायरियानं ऐन चाळिशीत माझं बोळकं केलं, आणि वर्गात पोरांनी मला चिडवायच्या आत बापूनं कवळी करून दिली. पण कवळी एकदा बसली की बसली, असं नसतं. दात गेले की त्याखालचं हाड झिजत जातं, कवळी ढिली पडते, मग पुन्हा ठसा घ्यायचा. म्हणून दर वर्षी दिवाळीआधी मी त्याच्या खुर्चीत. माझे जुने ठसे त्यानं फळीवर ओळीनं मांडले होते. "बघ लेका, कसा खचत चाललायस!" म्हणून हसायचा. एकदा मी वैतागून म्हणालो, "कायमचं काही कर ना." तर म्हणाला, "परदेशात थेट हाडात स्क्रू बसवतात म्हणे, कुणी हाडावर धातूची जाळी ठेवतात. पण हाड दोन्हीकडे झिजतंच. स्क्रूभोवती एका तऱ्हेनं, जाळीखाली दुसऱ्या. अरे भई, हाडाला परका कळतो."

एरवी बापू सगळं थट्टेवारी न्यायचा. मनातलं काही बोलायचं असलं, की मात्र माझ्या तोंडात प्लास्टर भरेपर्यंत थांबायचा. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी त्याची बायको, मालतीवहिनी, गेल्या. भेटायला येणाऱ्यांसमोर हा पठ्ठ्या कोरडाठाक. मग ठसा घेताना, माझा जबडा धरून हळूच म्हणाला, "दिनू, चहा अजून दोन कपांचाच टाकतो रे मी..." मी नुसतं उं उं केलं. "हलू नकोस, ठसा बिघडेल." प्लास्टर निघालं की "चूळ भर", आणि विषय संपला. बरीच वर्षं आमचं असंच चाललं.

पुढे मध्य भारत हे राज्य मोडलं, कचेऱ्या भोपाळला गेल्या, आणि आपली किती मराठी घरं त्यांच्यामागे उठून गेली. बापूचा मुलगा इंदूरला होता, दर शनिवारी यायचा, त्याचीही बदली झाली. त्या दिवाळीआधी खालचा ठसा घेताना बापू म्हणाला, "दिनू, आता रविवारी उठावंसंच वाटत नाही. एकटा पडलो रे मी." मला राहवेना. भरल्या तोंडानंच मी म्हणालो, "आमच्याकडे राहायला ये." शब्द कसले, नुसता घोगरा आवाज! ठशाची वाट लागली. बापू भडकला, "सत्यानाश! हलू नको म्हटलं होतं ना?" तोंड धुऊन मी तेच पुन्हा नीट म्हणायला गेलो, तर "पहले मुँह खोलो, मास्साब" म्हणत त्यानं नवं प्लास्टर कालवायला घेतलं. ती आमची शेवटची दिवाळी.

परवा त्याच्या मुलानं दवाखाना आवरायला बोलावलं. "काका, तुमचे दात तुम्हीच न्या," म्हणाला. ठसा बिघडला की बापू तो तिथल्या तिथे बादलीत फोडून टाकायचा, हे मी दर वेळी पाहिलेलं. पण फळीच्या टोकाला, शेवटच्या चांगल्या ठशाशेजारी, त्या दिवशी मी बोलून बिघडवलेला ठसाही होता. वेडावाकडा, मधोमध जिभेनं खरवडलेला. धूळसुद्धा पुसलेली.

तो आता माझ्या टेबलावर आहे. कवळी पुन्हा ढिली झालीय, पण दुसऱ्याच्या खुर्चीत बसायला मन घेत नाही. म्हणजे ऐकू आलं होतं तर तुला... मग यायचं नाही का रे, बापू?