शशीची निंदणाची गाणी

शशी गेल्याचं तिच्या नवऱ्याने, दिलीपभाऊंनी, फोनवर सांगितलं तेव्हा मी देऊळगाव राजाच्या घरी परिषदेची पत्रिका वाचत बसले होते. "ताई, छातीत दुखलं म्हने. मेहकरले नेऊन राह्यलो होतो, पन रस्त्यातच..." याला आता दीड महिना झाला. पत्रिकेत तिचंही नाव होतं, वेळेसकट छापलेलं.

शशिकला आणि मी अमरावतीला एम.ए.ला बरोबर होतो, वसतिगृहात एकाच खोलीत. ती जानेफळची, आई शेतमजूर, घरात कॉलेजचं तोंड पाहणारी ती पहिलीच. मी मास्तरांची मुलगी, पुस्तकातला किडा. पुढे दोघी वेगवेगळ्या कॉलेजांत शिकवू लागलो, पण मराठीच्या प्राध्यापकांची परिषद भरली की दरवर्षी अमरावती गाठायचीच. परिषद हे निमित्त. खरं काम म्हणजे विद्यापीठाच्या रस्त्यावर पाय दुखेपर्यंत भटकणं, गिला वडा खाणं आणि जुन्या सरांच्या नकला. नकला ती करायची, पोट माझं दुखायचं.

तिने जन्मभर निंदणाऱ्या बायांची गाणी गोळा केली. पद्धत मात्र तिची न्यारी. रेकॉर्डर नाही, काही नाही. बायांच्या ओळीत स्वतः तण काढायला बसायची आणि बांधावर येऊन वहीत गाण्याची फक्त पहिली ओळ लिहायची. "अगं, बाकीचं लिही की," मी चिडायचे. "काऊन वो? पहिली आली का मागच्या आपोआप येतात. माय कुठं लिहून ठेवत होती?" आता वावरात तणनाशक फवारतात. निंदायला बाया बसत नाहीत, मग गाणार कोण? ती गाणी राहिली होती शशीच्या डोक्यात, आणि हे मला चांगलं माहीत होतं.

गेल्या वर्षी तिच्या सत्राची अध्यक्ष मी होते. निबंध वाचून झाल्यावर तिने चष्मा काढला, पदर सावरला आणि म्हणाली, "आता म्हणूनच दाखवते." पाहुण्यांना निघायची घाई होती, जेवणं खोळंबली होती. मी घंटी वाजवली. मैत्रीण म्हणून जरा जोरातच वाजवली. ती थांबली, हसली आणि खाली उतरली. परतीच्या बसमध्ये मी माफी मागितली, तर म्हणते कशी, "जाऊ दे वो, पुढच्या साली म्हनीन. मी कुठं पळून जाऊन राह्यली?" ती भांडली असती तर बरं झालं असतं.

यंदा एकटीच गेले. निघण्याआधी दिलीपभाऊंनी तिची वही हातात दिली होती. "तुमीच वाचा ताई. दुसऱ्या कोनाले समजन?" तिच्या वेळेला मी उभी राहिले आणि वाचत गेले. पानामागून पान, एकेका गाण्याची एकेकच ओळ. 'निंदता निंदता बोट मातीत रुतलं...' इथे मी क्षणभर थांबले, तर समोरच्या एका तरुण प्राध्यापिकेने विचारलं, "मॅडम, पुढे काय आहे?" साधा प्रश्न होता. तिचा काही दोष नाही.

दोन वर्षं मी शशीबरोबर एका खोलीत काढली. केस विंचरताना, कपडे वाळत घालताना ती हीच गाणी म्हणायची. हे तर तिचं सगळ्यात लाडकं. किती वेळा ऐकलं असेल, याला गणती नाही... आणि दर वेळी मी पुस्तकातून मान वर न करता म्हटलं आहे, "शशे, पुरे गं, वाचू दे मला." माइकसमोर उभी राहून मी आठवत राहिले. चाल आठवली. तिचा आवाजही अगदी कानाशी आला. पुढची ओळ काही आली नाही.