शुक्रवारची गाडी

लोदच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने माझ्या पिशवीतले पोहे मुठीत घेतले, हुंगले आणि इंग्रजीत विचारलं, "हे काय?"

"तांदूळ," मी म्हटलं.

"तांदूळ असा चपटा का?"

तेहरानला पाच तास बाकावर अंग आखडून बसून आलेल्या बाईला हा प्रश्न! "कुटलाय म्हणून," मी सरळ मराठीत सांगितलं. तोही कंटाळला असावा. पिशवीवर खडूने फुली मारून त्याने मला हाकललं. बरोबर आणलेल्या चार नारळांपैकी एक वाटेत फुटला होता आणि त्याचं पाणी माझ्या पातळाला लागून वास मारत होतं. त्रेसष्ट सालच्या मे महिन्यात इस्रायलच्या भूमीवर माझं पाऊल पडलं ते हे असं.

मी मुंबईत शाळेत भूगोल शिकवते. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. सात वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ सॅमसन, आमचा सामू, बायको फ्लोरा आणि आईला घेऊन इकडे आला. मी मागे राहिले. निघताना आईने नवस बोलला होता, सगळे सुखरूप पोचले तर एलियाहू हन्नाबीला (प्रेषित एलियाला) मलिदा करीन. मलिदा म्हणजे गूळखोबरं घातलेले गोड पोहे, भोवती फळं, आणि त्यावर प्रार्थना. घरी केला तरी चालतो. पण इथे आल्यावर आईला कळलं की हन्नाबीची गुहा हैफा शहरात, कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी आहे. झालं! मलिदा तिथेच.

पुढच्या वर्षी जाऊ म्हणता म्हणता वर्षं गेली, आणि मग ती न्हाणीत पडली. खुबा मोडला, नीट बसला नाही. आता तिला ताठ बसवत नाही, आणि हैफा पडलं दिवसभराच्या वाटेवर. बस शक्यच नाही. सामूने लिहिलं, "ताई, आईसाठी गाडी करतोय. झाली की पोहे घेऊन ये." त्यानंतर दोन वर्षं प्रत्येक पत्रात "गाडी करतोय." शेवटी मीच कंटाळून सुट्टीत तिकीट काढलं. आई अठ्ठ्याहत्तरची. गाडीची वाट बघत बसले असते तर पोहे कोणासाठी नेणार होते?

सामूच्या गावी, ओफाकिमला, जाणाऱ्या बसमध्ये शेजारी एक जाडजूड बाई होती. तिने मोडक्या इंग्रजीत विचारलं, "हिंदुस्थानातून? इथे काय आहे?"

"आई आहे," मी म्हटलं.

तिने मान हलवली, पिशवीतून काकडी काढली, मोडून अर्धी मला दिली. खिडकीबाहेर हिरवी शेतं विरळ होत गेली, मग पिवळी माती, मग नुसतीच माती. नेगेवचं वाळवंट मी वर्गात दरसाल फळ्यावर काढते. खडूने काढताना धूळ डोळ्यांत जात नाही, एवढाच फरक. त्या दिवशी हमसीन (वाळवंटाकडून येणारा भाजका वारा) सुटला होता आणि ती अर्धी काकडी मला अमृतासारखी लागली.

आई खिडकीशी खाटेवर आडवी होती. एवढीशी झालेली. मला पाहून म्हणाली, "राहेल, आलीस गो? पोहे जाडे आणलेस की पातळ?" मी रडायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं.

आणि खिडकीबाहेर, अंगणात, ती गाडी! सैन्याने मोडीत काढलेला जुना ट्रक सामूने मिळवला होता. मुंबईत अठरा वर्षं त्याने बसच्या बॉडी बांधण्याच्या कारखान्यात काढली, आता इथे सूतगिरणीत यंत्रांना तेल घालतो. पण हात जुनेच. ट्रकवर त्याने पत्र्याची खोली उभारली होती, मुंबईच्या बसच्या लाल रंगाची. आत चार स्प्रिंगांवर टांगलेली खाट, म्हणजे खड्डा आला तरी आईला धक्का नाही. खिडकीला फ्लोराच्या जुन्या साडीचा पडदा. पाण्याच्या मडक्याला लोखंडी कडं. धूळ येते म्हणून मागचा फळका वेल्डिंगने कायमचा बंद, आणि बाजूला ऐसपैस दार, खाली तीन रुंद पायऱ्या, पितळी कठडा. कपाळावर मराठीत झोकदार अक्षरांत रंगवलेलं, 'एलियाहू हन्नाबी प्रसन्न'. शेजारचा शिमोन, मोरोक्कोहून आलेला वेल्डर, ते काय लिहिलंय म्हणून रोज विचारी आणि रोज विसरे.

"अरे, झाली की गाडी!" मी म्हटलं.

"कुठे? अजून बरंच काम आहे, ताई."

इथेच सगळं घोडं पेंड खात होतं. इथे रविवारी गिरणी चालू. शनिवार शब्बात, त्या दिवशी हातोड्याला हात लावायचा नाही. राहिला शुक्रवार. दुपारी एकला सामू गिरणीतून सुटणार, आणि सूर्य मावळला की शब्बात लागतो म्हणून त्याच्या आत, फ्लोराने शब्बातचे दिवे लावण्यापूर्वी, हत्यारं पेटीत. आठवड्याचे पाच-सहा तास काय ते त्याचे.

"सगळं गाव शुक्रवारी दुपारी झोपतं, वन्सं," फ्लोरा म्हणाली. "हे तेवढे पत्रा ठोकतात. दोन वर्षं झाली. माझं डोकं आहे की ऐरण, कळत नाही."

पहिल्या शुक्रवारी त्याने कठडा काढला, घासला आणि परत लावला. दुसऱ्या शुक्रवारी छताला पंखा. तो फिरेना म्हणून तिसरा शुक्रवारही पंख्यालाच. त्या दिवशी चहा घेऊन गेले तर हा गाडीखाली उताणा, हातात पाना, आणि गाढ झोपलेला. डोळ्यांखाली काळं, दाढी वाढलेली. उठवावं की नको म्हणून मी क्षणभर थांबले. पण मग रागच आला.

"सामू, ऊठ. पुढचा शुक्रवार शेवटचा. नंतरच्या गुरुवारी माझं विमान आहे."

"पंखा झाला की खिडकीची चौकट जरा..."

"चौकट गेली खड्ड्यात! तुला आईला हैफाला न्यायचंय की जन्मभर गाडीशी खेळायचंय?"

त्याने पाना उचलून पेटीत टाकला. मीही जास्त बोलले होते. खिडकीतून आई आमच्याकडे बघत होती. ती दर शुक्रवारी तिथूनच बघत असे, दुपारभर, न बोलता. शेवटी तिनेच हाक मारली, "सामू, रविवारी रजा टाक. पंख्याशिवाय जाऊ. हन्नाबी अग्नीच्या रथातून स्वर्गात गेला, तो काय पंखा लावून?"

चौथ्या शुक्रवारी त्याने फक्त तेलपाणी केलं, आणि रविवारी पहाटेच आम्ही निघालो. पुढे सामू आणि शिमोन, मागे खाटेवर आई, तिच्या दोन्ही बाजूंना मी आणि फ्लोरा. माझ्या मांडीवर पोह्यांचा डबा. दोनदा इंजिन तापलं, एकदा चाक बदललं. तो पंखा उगाचच आपणहून फिरला आणि फ्लोराच्या वेणीचा गजरा उडवून थांबला. तेल अवीवच्या पुढे डावीकडे समुद्र दिसायला लागला तेव्हा आईने पडदा सारायला लावला. "लहानपणी अलिबागकडे खंडाळ्याला नेलं होतं मला, बैलगाडीने," ती म्हणाली. "तिथल्या खडकावर हन्नाबीच्या रथाच्या खुणा आहेत म्हणतात. गाडी याहून बरी हलायची." सामूच्या दोन वर्षांच्या स्प्रिंगांना हे प्रशस्तिपत्र. मी हसले, आणि किती दिवसांनी हसतेय असं वाटलं.

दुपारी हैफा आलं. उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला समुद्र, मधून वाहता रस्ता. गुहेच्या पायऱ्यांपाशी, उजव्या कडेला, सामूने गाडी उभी केली. उतरून तो ऐटीत मागे आला, दाराच्या मुठीला हात घातला, आणि तसाच उभा राहिला.

दार डावीकडे होतं. भर रस्त्याच्या बाजूला.

या देशात गाड्या उजवीकडून चालतात. अठरा वर्षं मुंबईत, जिथे फूटपाथ डावीकडे, तिथे त्याने दारं कापली होती. इथेही हातांनी आपोआप डावीकडेच पत्रा कापला. अंगणात कुठला आलाय फूटपाथ? कोणाच्या ध्यानातच आलं नाही. आता त्या तीन रुंद पायऱ्यांवरून ट्रक आणि बस सणसणत जात होत्या. पलीकडे उभी करावी तर आईला अख्खा रस्ता ओलांडायला हवा. मागचा फळका बंद.

"ताई," सामू म्हणाला. त्याचा चेहरा मला बघवेना. "दोन वर्षं, ताई." आणि त्याने कपाळ गाडीच्या पत्र्याला टेकवलं.

माझी पाठ दुखत होती, पाय सुजले होते, आणि त्या क्षणी मला या सगळ्याचा इतका वीट आला की भीती वाटायची राहिली. मी रस्त्यात उतरले आणि हात आडवे करून उभी राहिले. पहिलीच बस कचकन थांबली. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "गिवेरेत! (बाई!) मेशुगाअत? (वेड लागलं का?)"

"थांब म्हणते ना!" मी वर्गातल्या आवाजात ओरडले. मराठीतच. चाळीस पोरांचा वर्ग या आवाजाने गप्प होतो. तोही झाला.

सामू आणि शिमोनने आईला उचललं, पण गाडीच्या शेवटच्या पायरीवर तिने त्यांना थांबवलं. पदर सारखा केला. पाय खाली टेकला. मागे सात-आठ गाड्या तुंबल्या होत्या, कोणी भोंगे वाजवत होतं. बसच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि सिगारेट पेटवली. मग दोघांनी तिला बरोबर आणलेल्या खुर्चीत कलती बसवून गुहेकडे नेलं.

आत थंडगार होतं. फ्लोराने पोहे भिजवले, मी खोबरं खवलं. सामू फळं धुवायला बाहेर गेला होता. मी आईला म्हटलं, "बघ ना, बिचाऱ्याचं दार..."

"मला ठाऊक होतं," आई म्हणाली.

"काय?"

"पत्रा कापला त्याच शुक्रवारी. दवाखान्याची गाडी मला उजवीकडून उतरवते. डोळे शाबूत आहेत माझे."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर त्याने तो पत्रा बुजवला असता, दुसरा कापला असता, पुन्हा रंग, पुन्हा कठडा. तू ओळखतेस ना त्याला? त्याच्याकडे शुक्रवार ढीग आहेत. माझ्याकडे नाहीत गो." मग हळूच म्हणाली, "त्याला सांगू नको. जिवाला लावून घेईल."

सामू फळं घेऊन आला. प्रार्थना झाली. आईने प्रत्येकाच्या हातावर मलिदा ठेवला. शिमोनने तीनदा मागून घेतला.

गुरुवारी मी निघाले. उजवीकडे नवं दार कापायला सामूने खडूने रेघा आखून ठेवल्या होत्या. "पुढच्या वर्षी बरोबर बाजूने उतरवतो, आई," तो म्हणत होता. आई म्हणाली, "कर, कर."

घरी आल्यावर शाळा, पाऊस, तपासायच्या वह्या. लोक विचारतात, इस्रायल कसं आहे? मी म्हणते, लांब आहे. खरं म्हणजे त्या प्रवासाचा शिणवटा माझ्या अंगातून अजून गेलेला नाही.

गणपतीच्या सुमारास सामूचं पत्र आलं. आई झोपेतच गेली. पुढे त्याने लिहिलं होतं, "उजवीकडचं दार अर्धं कापून झालं होतं. अजून दोन शुक्रवार मिळाले असते तर आईला नीट उतरवली असती. रस्त्यात उतरवली मी तिला. ताई, तेवढं एकच मनातून जात नाही."

आईचा शब्द मी आजवर कधी मोडला नव्हता. पण ही हकिकत ज्या मासिकात छापून येईल तो अंक मी ओफाकिमला पाठवणार आहे, आणि सामू तो वाचेल. सामू, आईला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. ठाऊक असूनच ती तुझ्या दाराने उतरली, पदर सारखा करून, सगळी रहदारी थांबवून. ते दुसरं दार पूर्ण कर किंवा करू नको. पण शुक्रवारी दुपारी आता जरा झोपत जा.