पनागरच्या बसचा ठिपका

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. शहराबाहेरच्या पनागर गावाची सकाळची बस माझ्यामुळे बंद झाली.

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. शहरातली कोणती बस कुठे आहे ही माहिती सगळ्यांसाठी खुली झाली, तेव्हा ती डाउनलोड करून मी एक चालता नकाशा केला. एकेक बस म्हणजे एकेक ठिपका. खमरियाच्या फॅक्टरीकडचे ठिपके पाळीच्या वेळी धावत सुटायचे, घमापुरच्या गर्दीत आले की रांगू लागायचे. तासन्‌तास बघत बसायचो.

माहितीत कचराही फार. बस कुठे आहे ते कळवणारं यंत्र चालू ठेवून ड्रायव्हर जेवायला जायचे. म्हणून मी नियम घातला: दहा मिनिटांहून जास्त उभी राहिली ती बस बंद समजायची, तिची फेरी पुसायची. पनागरची बस मात्र रोज भाजीमंडीपाशी वीसेक मिनिटं थांबायची. बाया टोपल्या चढवायच्या. एखादी मागे राहिली तर ड्रायव्हर हॉर्न वाजवून तिला बोलवायचा. ती फेरी रोजच पुसली जात होती.

हे माझ्या लक्षात आलं बस कार्यालयात नकाशा दाखवायच्या आदल्या दिवशी. नियम सैल केला की उभ्या बसचे ठिपके जागोजाग साचायचे, चित्र घाण दिसायचं. मी नियम तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिथल्या साहेबांनी विचारलं, "कागज़ पर तो पनागर की सुबह की बस है. चलती नहीं क्या?"

"डेटा में तो नहीं दिखती, सर."

नकाशाला टाळ्या पडल्या. महिन्याभरात ती बस खमरियाकडे लावली.

आमच्या दारी येणारी भाजीवाली त्याच बसने यायची. पुढे ती आठवड्यातून एकदा, तीही दुपारी, कोमेजलेली मेथी घेऊन यायला लागली. "ऑटोवाला टोकरी नहीं चढ़ाता, भैया. आप तो कंप्यूटर वाले हो, देखो न, हमारी बस कहाँ गई?" बायको हसली. मी मेथीसाठी पिशवी पुढे केली.

आता ती येतच नाही.

"काहून येऊन नाही राहिली हो ती?" बायको विचारते.

"काय माहीत," मी म्हणतो.

ते साहेब बदलून गेले. आता नियम काढला तरी बस परत येणार नाही, हे मला कळतं. तरी नकाशा चुकीचा होता आणि मला ते ठाऊक होतं, हे कार्यालयाला लिहून देणं आणि पनागरला जाऊन त्या भाजीवालीला तोंडावर सांगणं, दोन्ही मी अजून केलेलं नाही. तेवढं मी तिचं देणं लागतो.